तुळशीच्या पानाची पाठ

आमच्या तुळशीला काहीतरी झालंय हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. २०२३ सालचा फेब्रुवारी महिना. सकाळचे सात वाजले असतील. मी चहाचा कप बाजूला ठेवून पेपर उघडत होतो, तेवढ्यात गॅलरीतून तिचा आवाज आला, "पुता, तुळस बावत चल्ल्या."

मी जाऊन पाहिलं. मला काही ती बावलेली वाटली नाही. चार-सहा पानांवर बारीक फिकट ठिपके दिसत होते, कुणी वरून रवा भुरभुरावा तसे. "पोरणीं पानां आसतलीं," असं म्हणून मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. ऑफिसला जायची घाई. त्या वेळी मी ते पान नुसतं उलटं करून पाहिलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. पण तसं केलं नाही, आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटतंय.

ही तुळस आमच्याकडे कशी आली ते आधी सांगायला हवं. आमचं मूळ घर पेडणे तालुक्यात. वडील २०१६ साली गेले. त्यानंतर आई तिथे एकटीच राहायची. अंगण, माड, विहीर, दारातलं तुळशीवृंदावन आणि शेजारपाजार, एवढ्यात तिचं बरं चाललं होतं. २०२२ च्या पावसाळ्यानंतर ती विहिरीकडे घसरून पडली, मनगट मोडलं, आणि मग मी आणि सौ. ने तिला पर्वरीच्या फ्लॅटमध्ये आणायचं ठरवलं. "ठरवलं" म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलं. तिने एकच अट घातली, तुळस बरोबर येणार. वृंदावनातली मोठी तुळस काही उपटता येत नाही. तिची सेवा शेजारच्या वहिनींनी पत्करली. वृंदावनाच्या पायथ्याशी मंजिऱ्या गळून उगवलेलं एक वीतभर रोप मात्र आईने नारळाच्या करवंटीत घालून मांडीवर धरून आणलं. पेडण्याहून पर्वरीपर्यंत गाडीत तिने ते खाली ठेवलं नाही.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. सुरुवातीला कुंडी गॅलरीच्या बाहेर, लोखंडी जाळीवर ठेवली होती. पण कुंडीतलं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं. त्या बाईंनी एकदा नव्हे, दोनदा सांगितलं, आणि अगदी गोडीने सांगितलं. तेव्हा कुंडी आत घेतली. आमची गॅलरी सरकत्या काचांनी बंद केलेली आहे. आईला वाटलं, बरं झालं, तुळस घरात आली. मलाही तसंच वाटलं. वारा नको, धूळ नको, खालच्यांची कटकट नको. आम्ही तिचं रक्षणच करत होतो.

मार्च लागेस्तोवर ठिपके वाढत जाऊन पानं पांढुरकी दिसायला लागली. कोवळी पानं वाटीसारखी आत वळली. काही पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या. आणि एका फांदीने तर मान टाकली, तीही कुंडीतली माती चांगली ओली असताना!

आता घरात रोपाला काही झालं की जसं होतं तसंच झालं. प्रत्येकाकडे एकेक निदान तयार. सौ. म्हणाली, ऊन कमी पडतंय. समोरच्या फ्लॅटमधले म्हणाले, खत कमी आहे, तुमची माती नुसती लाल, तिच्यात काय कस असणार? ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की पानं पिवळी म्हणजे लोह कमी, कुंडीत गंजलेले खिळे पुरा. मी कुणालाच दुखावलं नाही. कुंडी खिडकीच्या आणखी जवळ सरकवली, बाजारातून दाणेदार खत आणून एक चांगली मूठभर टाकलं, आणि चार खिळेही पुरले. आठवड्याभरात आणखी पानांच्या कडा करपल्या. मग मी कुणीतरी दिलेलं कीटकनाशक फवारायला काढलं, तेव्हा आई पहिल्यांदा मोठ्याने बोलली. नैवेद्यावर ठेवायची तुळस, तिच्यावर विष मारतोस? मी ती बाटली परत ठेवून दिली.

आईचं स्वतःचं निदान मात्र तिने अजून सांगितलं नव्हतं. ते कळलं शिगम्याच्या आसपास. जेवताना तिने हात थांबवला आणि ताटाकडे बघतच म्हणाली, "तुजो बापूय गेलो त्या वर्सा लेगीत ती अशीच बावल्ली."

त्यावर कुणी काही बोललं नाही. दारातली तुळस सुकली की घरावर काहीतरी येणार, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. मी पदवीला तत्त्वज्ञानाचे दोन पेपर देऊन पास झालेला माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगतो. पण त्या रात्री मीही उठून एकदा गॅलरीत जाऊन आलो, हे कबूल करतो.

आमच्या गावचे एक भाई आहेत, कृषी खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. सुपारीची कोळेरोग लागलेली बागायत असो की मिरचीचा मुरडा, लोक अजून त्यांनाच विचारतात. एप्रिलमध्ये एका लग्नात ते भेटले. मी तुळशीचं सांगितलं, आणि उत्साहाने मोबाईलवरचा फोटोही दाखवला. त्यांनी चष्मा वर करून फोटो बघितला आणि म्हणाले, "फोटो सगळे वरूनच काढतात." पुढच्या रविवारी ते पर्वरीला कुणाकडे तरी येणार होते, तेव्हा वाकडी वाट करून आमच्याकडे आले. (भाईंचं बोलणं कोकणीतलं, इथे मराठीत मांडतोय.)

मला वाटलं होतं ते रोप बघून एका वाक्यात रोगाचं नाव सांगतील. त्यांनी आधी कुंडीकडे बघितलंसुद्धा नाही. जुने वैद्य नाडी धरण्याआधी करायचे तशा चौकशा सुरू केल्या. कधीपासून? आधी कुठली पानं बिघडली, जुनी की नवी? सगळ्या बाजूंनी की एकाच बाजूने? आणि त्याच्या आधी महिनाभरात काय बदललं? पाणी कोण घालतं? शेवटच्या प्रश्नाला मी आणि सौ. दोघेही एकदमच "मी" म्हणालो.

मग त्यांनी हे प्रश्न का विचारले ते समजावलं. मला ते इतकं आवडलं की त्याच रात्री लिहून ठेवलं. झाडाला नत्र कमी पडलं तर ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून लोह कमी असलं की शेंड्याची नवी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. म्हणजे पिवळेपणा कुठे सुरू झाला यावरून अर्धं उत्तर मिळतं. आणि दुसरी गोष्ट, ऊन, पाणी, खत यांनी झालेलं नुकसान बहुधा सारखं, एकसारख्या नक्षीत दिसतं. सगळ्या पानांची टोकं, सगळ्या पानांच्या कडा. जिवंत प्राण्याने केलेलं नुकसान तसं शिस्तीत नसतं. एक पान खाल्लेलं, शेजारचं चांगलं, इथे ठिपके दाट, तिथे विरळ.

"तुमच्या तुळशीवर दोन्ही नक्ष्या दिसतात," भाई म्हणाले. "म्हणजे दुखणं एक नाही."

मग त्यांनी ठिपक्यांचं एक पान हलकेच धरलं आणि उलटं केलं.

पानाच्या पाठीवर काळे चमकदार कण होते, डांबराचे शिंतोडे उडावेत तसे. मी म्हटलं, धूळ असेल. त्यांनी सौ. कडून एक पांढरा कागद मागितला, तो फांदीखाली धरला आणि फांदीवर दोन टिचक्या मारल्या. कागदावर चार-पाच ठिपके पडले. आणि त्यांतले तीन चालायला लागले!

भिंगातून पाहिलं तेव्हा मात्र मी थक्क झालो. दोन-तीन मिलिमीटरचा किडा, पण त्याचे पंख असे की जणू कुणी क्रोशाने विणलेत. पारदर्शक, जाळीदार, आणि डोक्यामागे फुगीर टोपीसारखं काहीतरी. इंग्रजीत याला लेस बग म्हणतात, ढेकणांच्या मोठ्या गणातलाच हा एक. तुळस आणि तिच्या जातभाई रोपांवर येणारा जो प्रकार आहे, त्याचं शास्त्रीय नाव कॉक्लोचिला बुलिटा. तो पानाच्या पाठीवर बसून सोंडेने रस शोषतो. जिथे सोंड खुपसतो तिथल्या पेशी रिकाम्या होतात आणि वरून आपल्याला फिकट ठिपका दिसतो. काळे कण म्हणजे त्याची विष्ठा. पिल्लं काळसर, अंगावर काटे असलेली, घोळक्याने एकाच पानाला चिकटून राहणारी.

भाईंनी आणखी एक सांगितलं, ते वाचकांनाही उपयोगी पडेल. असेच फिकट ठिपके लाल कोळीही करतो. तो किडा नव्हे, त्याला आठ पाय, आकार अर्धा मिलिमीटर, आणि कोरड्या उकाड्यात तो भराभर वाढतो. पण लाल कोळी असेल तर पानाखाली आणि शेंड्यात बारीक जाळं दिसतं. काळे चमकदार शिंतोडे असतील आणि जाळं नसेल तर लेस बग. फुलकिडे असतील तर पानावर चंदेरी ओरखडे येतात. मावा असेल तर पान चिकट लागतं. वरून बघितलं तर हे सगळे जवळपास सारखेच. फरक सगळा पानाच्या पाठीला.

"पण घरात आलाच कुठून?" मी विचारलं. भाई म्हणाले, बहुतेक रोपाबरोबरच आला असेल. गावातल्या तुळशीवरही थोडेफार असतातच. पण तिथे पावसाचा मारा त्यांना धुऊन काढतो, कोळी आणि ढालकिडे त्यांना खातात. इथे काचेच्या आत ना पाऊस ना वैरी. तुम्ही तुळशीला आत घेतलंत, तेव्हा त्यालाही आत घेतलंत, आणि त्याला खाणारे बाहेर ठेवलेत.

हे झालं एक दुखणं. करपलेल्या कडा हे दुसरं, आणि ते माझ्या मूठभर खताचं. मातीच्या कडेला पांढरी खरपुडी धरली होती, ती भाईंनी नखाने खरवडून दाखवली. एवढ्याशा कुंडीत एवढं खत म्हणजे क्षार मुळांनाच पाणी घेऊ देत नाहीत. खिळ्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत, नुसते हसले.

पण ओल्या मातीत मान टाकणारी फांदी? भाईंनी मातीत बोट घातलं, दोन पेरं. वर काढून वास घेतला आणि माझ्याकडे धरलं. आंबूस, गटारासारखा वास. मातीवर बारीक काळी चिलटं उडत होती, ती मी केळ्यांवरची समजत होतो. ती सततच्या ओल्या मातीत होणारी असतात. त्यांनी कुंडी आडवी केली, रोप मातीसकट बाहेर काढलं. मुळं पांढरी असायला हवीत. आमच्या तुळशीची खालची मुळं तपकिरी, मऊ झालेली, हात लावला की साल सुटत होती. मुळं सडली की झाड पाण्यात उभं राहूनही तहानेने मरतं. आणि आपण काय करतो, ते मलूल दिसलं की आणखी पाणी घालतो.

भाईंनी रिकामी कुंडी उलटी करून बुडाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

कुंडीचं भोक मीच बुजवलं होतं. सिमेंटने. खालच्या बाईंच्या कपड्यांवर पाणी ठिबकू नये म्हणून, आणि आत आणल्यावर गॅलरीची फरशी खराब होऊ नये म्हणूनही. हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. दोन महिने मी ऊन, खत, लोह, सगळं तपासत बसलो होतो, आणि मी स्वतः काय केलं ते तेवढं तपासलं नव्हतं.

एवढं झाल्यावरही एक हिशेब लागत नव्हता. सौ. सकाळी एक तांब्या पाणी घालायची, मी संध्याकाळी कधीतरी अर्धा. जास्तच होतं, पण कुंडीत असा चिखल व्हावा इतकं नव्हे. भाई गेल्यानंतर आम्ही दोघांनी ठरवलं की चार दिवस कुणीच पाणी घालायचं नाही. तेवढ्यापुरतं रोप तात्पुरतं एका भोकाच्या डब्यात, खाली ताटली ठेवून लावलं. आईलाही सांगितलं. ती "बरें" म्हणाली. दुसऱ्या सकाळी ताटली काठोकाठ भरलेली.

त्या रात्री मी जागा राहिलो. अडीच-तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरात नळाचा आवाज झाला. मग सावकाश पावलं. मी दिवा न लावता उठलो. आई गॅलरीत उभी होती. बऱ्या झालेल्या पण अजून आखडलेल्या हाताने तांब्या धरून थेंब थेंब पाणी घालत होती. ओठ हलत होते. मी खाकरलो तेव्हा ती दचकली नाही. जणू केव्हातरी मी येणार हे तिला माहीत होतं.

"न्हीद येना रे पुता," ती म्हणाली. "मागीर उठून तिका उदक घालतां. ती तानेल्ली आसत अशें दिसता."

किती दिवसांपासून, असं मी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. पर्वरीला आल्यापासून, हे मला तिच्या गप्प राहण्यावरून कळलं. चार महिने माझी आई रात्री-रात्री जागी होती आणि शेजारच्या खोलीत मी घोरत होतो. कधी दोनदा, कधी तीनदा उठून तुळशीला पाणी घालायची. दिवसा आम्ही विचारायचो, झोप लागली ना? "लागली." जेवण? "जेवलें."

आम्ही दोघंही तिथेच खाली फरशीवर बसलो. बऱ्याच वेळाने ती परत वडिलांवर आली. त्या वर्षी तुळस आधी बावली आणि मग ते गेले. आता परत बावलीय. या वेळी कोण? तिला स्वतःची भीती नव्हती. तिला माझी भीती वाटत होती. रोज स्कूटरने मांडवीवरचा पूल ओलांडून जातो, म्हणून.

मला तेव्हा भाईंचा प्रश्न आठवला, आधी काय झालं? मी आईला म्हटलं, २०१६ सालचं नीट आठव. बाबांना इस्पितळात कधी नेलं? मार्चच्या शेवटाला. तू कुठे होतीस? त्यांच्या उशाशी. मी? मीही तिथेच, नाहीतर ऑफिसात. घर? बंद. दोन महिने, ऐन एप्रिल-मे. तेव्हा शेजारच्या वहिनीही मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मग दारातल्या तुळशीला पाणी कोणी घातलं?

आई माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तिका उदकूच मेळूंक नाशिल्लें?"

नव्हतंच मिळत. तुळस बावली म्हणून घरावर संकट आलं नव्हतं. घरावर संकट आलं होतं म्हणून तुळस बावली होती. आम्ही परत आलो तेव्हा ती सुकलेली दिसली, आणि थोड्या दिवसांत बाबा गेले, म्हणून मनात क्रम उलटा बसला. सात वर्षं आई त्या उलट्या क्रमाबरोबर एकटीच राहत होती.

मी काही तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं नाही. खरं सांगायचं तर, तुळस घराची हालत सांगते हे म्हणणं मला त्या रात्री पूर्ण खोटं वाटेनासं झालं. पुढे काय होणार ते ती सांगत नाही. चालू काय आहे ते सांगते. २०१६ मध्ये तिने सांगितलं की या घरात माणूस नाही. २०२३ मध्ये तिने सांगितलं की या घरात कुणीतरी रात्रभर जागं आहे. ते वाचायला आम्हीच कमी पडलो.

आता उपचारांचं. काही जणांना त्यासाठीच हे वाचायचं असेल. सगळ्यात आधी छाटणी हवी होती, कारण लेस बग आपली अंडी पानाच्या आणि कोवळ्या देठाच्या आत खुपसून घालतो. ती धुऊन निघत नाहीत आणि फवारणीने मरत नाहीत. पण तुळस तोडायची म्हणजे नियम आले. रविवार नको, द्वादशी नको, सूर्यास्तानंतर नको. मी वाद घालायच्या तयारीने गेलो, तर आईनेच दिवस काढला, गुरुवार, सकाळी. कात्रीही तिनेच हातात घेतली. आधी नमस्कार केला, क्षमा मागितली, आणि मग असं सपासप कापलं की माझाच जीव वरखाली झाला. निम्म्याहून जास्त रोप गेलं. सगळ्या मंजिऱ्याही खुडल्या, कारण बी धरायला लागलं की तुळस लवकर म्हातारी होते. कापलेलं सगळं पिशवीत बांधून टाकलं, कुंडीत कुजायला ठेवलं नाही.

मग सडलेली मुळं कापून टाकली. नवीन मातीची कुंडी आणली, भोकाची. तळाला खापरीचे तुकडे, वर गावाहून आणलेली लाल माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत. राहिलेल्या पानांच्या पाठी मोरीत नेऊन पाण्याच्या धारेने धुतल्या. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून साबणाचे थोडे थेंब, असं द्रावण आधी एकाच पानावर मारून बघितलं. पान करपलं नाही तेव्हा सगळीकडे मारलं, तेही पानांच्या खालून, आणि संध्याकाळी. उन्हात तेल मारलं तर पान भाजतं, आणि सकाळी तुळशीवर मधमाश्या असतात. दर आठवड्याला एकदा, असं चार वेळा. एकदाच मारून भागत नाही, कारण आतली अंडी मागाहून फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवीन पिढी तयार होते. तेवढे दिवस नैवेद्याची पानं आईने खालच्या बाईंकडून आणली, ज्यांच्या कपड्यांवर आमचं पाणी ठिबकायचं त्यांच्याकडून! आता त्या दोघी मैत्रिणी आहेत.

आणि कुंडी परत गॅलरीबाहेर गेली. खाली खोल ताटली, पाणी साचलं की ती ओतून टाकायची. पाणी घालण्याआधी बोट मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. पाणी कोण घालणार? फक्त आई. दिवसा.

तिच्या झोपेसाठी डॉक्टरांकडे गेलो. औषध थोडं दिलं, पण खरा उतारा दुसराच निघाला. दर शनिवारी संध्याकाळी मी तिला पेडण्याला घेऊन जातो, सोमवारी सकाळी परत. तिथे तिला पडल्या पडल्या झोप लागते. तिलाही आम्ही आतच ठेवलं होतं, वारा नको, धूळ नको, पडायला नको म्हणून. हे मला आधी सुचायला हवं होतं.

२०२३ साली पाऊस उशिरा आला, जूनचा पहिला आठवडा कोरडाच गेला. पण एकदा लागल्यावर असा लागला की काय सांगू. पंधरा दिवसांत तुळशीला बुडातून दोन धुमारे फुटले. एक बाजू मात्र मेली ती मेलीच. ते वाळलेलं खोड आईने काढू दिलं नाही, राहू दे म्हणाली. त्या वर्षी अधिक श्रावण होता, चातुर्मास पाच महिन्यांचा. नोव्हेंबरमध्ये व्हडल्या दिवाळीला तुळशीचं लग्न लावलं, तेव्हा ऊस रोपापेक्षा तिप्पट उंच, आणि आवळ्याची डहाळी रोपाएवढी! पण पानं हिरवी होती. मी लग्नाच्या आधी गुपचूप दोन पानं उलटी करून बघितली. स्वच्छ होती.

परवा खालच्या बाई वर आल्या. त्यांची जास्वंद मलूल दिसतेय, पानं वळतायत, काय करू, कुणी म्हणतं खत घाल, कुणी म्हणतं दृष्ट लागली. मी तोंड उघडायच्या आतच आई चष्मा शोधत उठली.

"पान उलटें करून पळयलें?" तिने विचारलं. आणि जिन्याकडे चालायला लागली.